माणसे तपासण्याआधी प्रश्न तपासा

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : किशोरवयीनांमधील खाण्याचे विकार आणि ज्येष्ठांमधील स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी मराठी माणसांवर पडताळलेल्या, सर्वांना मोफत मिळणाऱ्या प्रश्नावल्या तयार करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आशाताई घरोघरी फिरून आजारांचा धोका ओळखण्यासाठी जो 'सी-बॅक' नावाचा सरकारी फॉर्म भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी मोजके वेगळे प्रश्न आहेत. उठता-चालताना तोल जातो का, रोजच्या कामात कुणाची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सून देते. "होतं हो कधी कधी, वय झालं आता." मग ताईंनी काय लिहायचे? 'हो' लिहिले तर म्हातारीला पुढे कुठे पाठवायचे, हे बहुतेक गावांत कुणालाच ठाऊक नसते. शिवाय वाडीवस्तीवर घराला पत्ता असा नसतोच. 'देवळामागचं, चिंचेजवळचं' हाच पत्ता. आणि तोही विसरायला लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

दुसरे टोक शाळेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याचे पथक वर्गात येते, उंची-वजन घेते, डोळे-दात बघते. नववीतली एखादी मुलगी वर्षभरात खंगलेली दिसली की नोंद होते 'कमी वजन', शंका येते रक्तक्षयाची आणि हातात पडतात लोहाच्या गोळ्या. शंका चुकीची नाही, राज्यातल्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींना रक्तक्षय आहेच. पण ती डबा कुणाला देऊन टाकते, जेवल्यावर मोरीत किती वेळ असते, हे विचारायची वेळ सहसा येत नाही.

मी जिल्ह्याच्या गावी समुपदेशक म्हणून काम करते. सकाळी कनिष्ठ महाविद्यालयातली मुले, दुपारनंतर ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी. दोन्हीकडे माझ्या हातात असतात त्या प्रश्नावल्या परदेशात, वेगळ्याच माणसांसाठी बनलेल्या आणि कुणीतरी घाईत मराठीत आणलेल्या. त्यांच्या गुणांवर माणसाच्या कपाळी शिक्का बसतो किंवा बसायचा राहतो. म्हणून मागणी एकच : तपासणीच्या मोहिमा काढण्याआधी तपासणीचे प्रश्न तपासा. ते काम आपल्या दोघांच्या हातात आहे, आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

आधी म्हाताऱ्यांचे सांगते.

जगभर सर्वाधिक वापरली गेलेली स्मरणशक्तीची छोटी चाचणी म्हणजे मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी ती १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. तीस गुणांची, दहा मिनिटांची. आजची तारीख विचारायची, ऋतू विचारायचा, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगायचे, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे, एक वाक्य लिहून घ्यायचे, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढून घ्यायचे. साधारण चोविसाच्या खाली गुण पडले की शंका घ्यायची.

आता ही चाचणी आठवडी बाजारात भाजी विकून संसार उभा केलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजींना लावून बघा. आजची तारीख? "तारीख नाय सांगता येत, पण काल संकष्टी झाली, म्हणजे आज पंचमी." काळाचे भान माझ्यापेक्षा पक्के, आणि कागदावर गुण शून्य. शंभरातून सात वजा करा म्हटले की त्या गप्प बसतात. तेच 'शंभराची नोट दिली, सात रुपयांची कोथिंबीर घेतली, परत किती?' असे विचारले की मी पेन उचलण्याआधी उत्तर येते. (सात रुपयांना आता जुडी मिळत नाही, हे त्या वर ऐकवतात.) वाक्य लिहा म्हणावे तर अक्षरओळख नाही. पंचकोन काढा म्हणावे तर हातात पेन्सिल धरायची कशी इथून सुरुवात. दारात ठिपक्यांची रांगोळी मात्र चुकत नाही.

उलट बाजूला निवृत्त मुख्याध्यापक. तीसपैकी अठ्ठावीस. शब्दकोडी सोडवणारे, पाढे तोंडपाठ. कागद म्हणतो, ठणठणीत. बायको हळूच सांगते की यांनी वीजबिल दोनदा भरले आणि नेहमीच्या रस्त्यावर गाडी घेऊन भलतीकडेच वळले. एवढी शिदोरी असलेला माणूस बरीच वर्षे गुण राखत राहतो आणि तेवढी वर्षे आजार कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे एकच चाचणी न शिकलेल्याला विनाकारण अडकवते आणि शिकलेल्याला सोडून देते.

नंतर आलेली मॉन्ट्रियल चाचणी, जिला सगळे 'मोका' म्हणतात, २००५ ची. ती अधिक बारीक आहे, सुरुवातीचा बिघाड पकडते. शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर ती एक गुण वाढवून देते. एक! बारावी झालेल्याला आणि बिगारीतही न गेलेल्याला तोच एक गुण. कमी शिकलेल्यांसाठी त्याच मंडळींनी पुढे 'मोका-बेसिक' काढली, म्हणजे अडचण त्यांनाही दिसली होती.

अडचण दिसल्यावर काय करायचे असते, याचा धडा आपल्याच देशात आहे. नव्वदच्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम केले. त्यांनी अमेरिकी चाचणीचे नुसते भाषांतर केले नाही. गावातल्या निरक्षर वृद्धांवर ती लावून बघितली, जिथे माणसे अडखळली तो प्रश्न बदलला, परत लावून बघितली. 'वाचा आणि तसे करा' हा प्रश्न निरक्षरासाठी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा' असा झाला. १९९५ मध्ये ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. नायजेरियात इबादानच्या संशोधकांनी चित्र काढण्याऐवजी काड्यापेटीतल्या काड्या मांडायला लावल्या. किती साधी गोष्ट, पण ती सुचायला आधी माणसासमोर बसावे लागते.

मराठीत मात्र बहुतेक ठिकाणी जे चालते ते हिंदीवरून उचललेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी चाचण्यांचा जो बहुभाषिक संच केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषा होत्या. मराठी नव्हती. राग परिषदेवर नाही. त्या पाच भाषांच्या मागे ते काम अंगावर घेणाऱ्या संस्था उभ्या होत्या. आपल्या बाजूने कोण उभे होते?

आकडे काही थोडेथोडके नाहीत. देशभरातल्या साठ वर्षांवरील लोकांच्या मोठ्या पाहणीतून (ती राबवणाऱ्यांत आपल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था होती) २०२३ मध्ये असा अंदाज निघाला की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरात ५.३ टक्के, गावात ८.४ टक्के. पुरुषांत ५.८, बायकांत ९. गावच्या बाईच्या वाट्याला हे अधिक का? शिक्षण न मिळणे हा स्मृतिभ्रंशाचा खराच धोका आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने टाळता येण्यासारखी चौदा कारणे मोजली त्यात तो पहिल्या ओळीत आहे. पण शिक्षण न मिळाल्याने चाचणीत गुणही कमी पडतात. मेंदूचा आजार किती आणि हुकलेली शाळा किती, हे वेगळे काढायचे तर चाचणी त्या बाईच्या मापाची हवी.

पैशाचाही एक पदर आहे. १९७५ ची ती चाचणी कित्येक वर्षे डॉक्टर खिशात घेऊन फिरत होते. २००१ नंतर एका अमेरिकी प्रकाशन कंपनीने तिचे हक्क बजावायला सुरुवात केली आणि प्रत्येक कागदामागे पैसे लागू लागले. हार्वर्डच्या संशोधकांनी तिला पर्याय म्हणून सोळा प्रश्नांची मोफत चाचणी काढली, तीही हक्काच्या वादात इंटरनेटवरून उतरली. 'मोका'लाही आता सशुल्क प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची अट आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेने ते कुठून भरायचे? जे साधन सरकारी पैशाने तयार होईल ते कुणाच्याही मालकीचे असता कामा नये, हे पहिल्या कागदावरच लिहून ठेवा.

आता मुलांचे. इथे मला जास्त काळजी वाटते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत आपण उशीर करतो. मुलांच्या बाबतीत असे काही असते हेच आपण मानत नाही. "अहो, खायला मिळत नाही म्हणून मुलं रोडावतात आपल्याकडे. खाणं पुढ्यात असून न खाणं हे श्रीमंतांचे चोचले." हे वाक्य मी पालकांकडून ऐकले आहे, शिक्षकांकडून ऐकले आहे आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाकडूनही.

ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणे पुढ्यात असून ते टाकत जाण्याचा हा आजार, चोचला नाही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीवघेण्या आजारांत तो मोडतो. या रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या पाच-सहा पट असल्याचे २०११ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसले, आणि त्यातला साधारण पाचातला एक मृत्यू आत्महत्येने होता. हृदयाचे ठोके मंदावतात, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. अशा मुलीला एकदम भरपूर खाऊ घातले किंवा सलाईनमधून भरमसाट ग्लुकोज दिले तर रक्तातले फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो. "आणा इकडे, आठ दिवसांत गुटगुटीत करते" म्हणणाऱ्या मावशीला हे माहीत नसते ते ठीक. वॉर्डातल्या डॉक्टरला माहीत असलेच पाहिजे.

तर हा आजार शोधायचा कसा? लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच प्रश्नांची 'स्कॉफ' प्रश्नावली काढली. पोट गच्च झाले म्हणून मुद्दाम उलटी काढता का, खाण्यावरचा ताबा सुटतो का, तीन महिन्यांत एक स्टोन वजन घटले का, लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतःला जाडी वाटते का, आणि अन्न तुमच्या आयुष्यावर राज्य करते का. दोन 'हो' म्हणजे पुढे तपासा. एक स्टोन म्हणजे सव्वासहा किलोच्या थोडे वर, हे सोडवता येते. पण अडतीस किलोच्या मुलीचे सहा किलो आणि साठ किलोच्या बाईचे सहा किलो सारखे कसे? मूळ चाचणी पडताळली गेली ती १८ ते ४० वयाच्या बायकांवर. आपल्याला ती लावायची आहे तेरा वर्षांच्या मुलीला, आणि मुलालाही. शेवटच्या प्रश्नाला तर कोल्हापुरातला कुठलाही खवय्या छाती पुढे काढून 'हो' म्हणेल.

दुसरी प्रश्नावली सव्वीस प्रश्नांची 'ईट-२६', कॅनडातली, १९८२ ची. वीस गुणांना धोक्याची रेघ. तीत एक विधान असे : मी अजून खावे असे इतरांना वाटते. दुसरे : खाण्यासाठी इतर लोक माझ्या मागे लागतात. आता सांगा, पंगतीत ज्याच्या पानात आग्रहाचा एक लाडू पडला नाही असा मराठी माणूस कुठला? आजी असलेल्या घरातले प्रत्येक पोर या दोन्ही विधानांना 'नेहमी' असे उत्तर देईल.

आणि उपवास. १९८९ मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना ही प्रश्नावली दिली तेव्हा धोक्याच्या रेघेवर गेलेल्या मुलींची संख्या अनपेक्षितपणे मोठी निघाली. खोलात गेल्यावर दिसले की काही विधानांचा अर्थच मुलींनी वेगळा घेतला होता, आणि धार्मिक उपवासांचा वाटाही त्यात होता. छत्तीस वर्षांहून जुना हा इशारा. तरी आजही तीच प्रश्नावली जशीच्या तशी वाटून 'इतके टक्के विद्यार्थिनींना खाण्याचे विकार' असे प्रबंध होत असतात.

आपल्याकडे तर उपवासाचे पंचांगच वेगळे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, निर्जळी हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार, जैन घरांत पर्युषण, मुस्लीम घरांत रोजे. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून आपण त्याची थट्टाही करतो, आणि साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास आजार नव्हे हे कुणीही सांगेल. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलींपैकी काहींनी उपवासाचा आडोसा घेतलेला असतो. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. खिचडीही नको, नुसते ताक. घरात कौतुक, 'किती देवभोळी हो आमची'. आजाराला याहून चांगली लपायची जागा मिळणार नाही. म्हणजे 'उपवास करतेस का' हा प्रश्न निरर्थक. विचारायला हवे ते असे : घरातल्या इतरांपेक्षा तुझे उपवास जास्त आहेत का? उपवास सोडायची वेळ आली की भीती वाटते का? पाळीत किंवा आजारपणात घरचे 'नको करू' म्हणाले तरी करतेस का? हे प्रश्न माझ्या खोलीत सुचलेले आहेत, पडताळलेले नाहीत, आणि नेमके तेच आपल्याकडून हवे आहे.

यात आणखी एक गाठ आहे. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी पाच तरुण मुलींची नोंद प्रसिद्ध केली. पाचही जणी अन्न टाकून खंगल्या होत्या, पण 'मी जाड आहे' असे त्या म्हणत नव्हत्या. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही असेच रुग्ण पाहिले. आमच्याकडच्या मुली म्हणतात, "जात नाही", "पोट भरल्यासारखं वाटतं", "खाल्लं की गॅस होतो". जाड होण्याच्या भीतीचाच प्रश्न विचारणारी चाचणी त्यांना सरळ सोडून देते. मग त्या पोटाच्या डॉक्टरकडे, तिथून पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, मध्येच क्षयरोगाची तपासणी, आणि वाटेत कुणीतरी सांगितले म्हणून दृष्ट काढणे. मुलांचे आणखी वेगळे. त्यांना बारीक व्हायचे नसते, त्यांना 'कटिंग' करायचे असते, म्हणजे चरबी उतरवून स्नायू उठून दिसायला हवे असतात. सहा अंडी, उकडलेली कोंबडी, पावडरचा डबा, मीठ बंद, पाणी बंद. व्यायामशाळेत त्याला शिस्त म्हणतात.

इथवर वाचून आपण म्हणाल, मग काढा उद्याच मोहीम, प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक वृद्धाला प्रश्न विचारा. तसे करू नका, अशी माझी उलट विनंती आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलाने २०२० मध्ये ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीची सरसकट तपासणी आणि २०२२ मध्ये किशोरवयीनांमधील खाण्याच्या विकारांची सरसकट तपासणी, या दोन्हींवर एकच शेरा मारला : फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा. अपुरा म्हणजे निरुपयोगी नव्हे. त्यांचे म्हणणे एवढेच की लक्षणे नसलेल्या माणसाला गाठून तपासले तर त्याचे भले होते की नाही हे कुणी नीट मोजलेले नाही. इंडियाना राज्यात चार हजारांवर ज्येष्ठांवर असा प्रयोग झाला. तपासणी केलेल्यांचे आयुष्य न केलेल्यांपेक्षा बरे झाले असे दिसले नाही. निराशा, चिंता वाढली असेही नाही. इंग्लंडने २०१४ मध्ये फॅमिली डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक निदानामागे ५५ पौंड देऊ केले. एवढा गदारोळ झाला की सहा महिन्यांत योजना गुंडाळली. उद्दिष्टांच्या तक्त्यांवर चालणाऱ्या आपल्या यंत्रणेत असे काही आले तर काय होईल ते मी लिहायला नको. मुलांच्या बाबतीत धोका आणखी वेगळा : भर वर्गात वजन ओरडून सांगणे, 'उलटी काढता का' असा प्रश्न चाळीस मुलांना एकदम विचारणे, यातून एखादीला नवीनच युक्ती सुचायची.

म्हणून संशोधन आधी. आणि संशोधन म्हणजे परदेशी कागद मराठीत टंकणे नव्हे. या राज्यात ते कसे करतात हे जगाला ठाऊक आहे. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत विचारले आणि तपासले, तेव्हा ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आले. दहा वर्षांनी बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे ते काम आहे. मुलांच्या वाढीचे परदेशी तक्ते आपल्या मुलांना बसत नाहीत म्हटल्यावर पुण्याच्या वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय मुलांची मापे घेऊन नवे तक्ते केले, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ते स्वीकारले. उंचीसाठी आपले माप आहे. विसरण्यासाठी आणि न खाण्यासाठी नाही.

कुलगुरू महोदय, हे विशेष आपल्यासाठी. आपल्या विद्यापीठात मनोविकार, मेडिसिन, बालरोग, जनआरोग्य या विषयांच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दर वर्षी किती तरी प्रबंध त्याच त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, समोर आलेल्या पन्नास-शंभर रुग्णांवर होतात आणि कपाटात जातात. त्यातले काही एका सूत्रात बांधता येणार नाहीत का? एकच मसुदा, एकच पद्धत, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मिरज, अंबाजोगाई, धुळे, मुंबई असे एकेक केंद्र, आणि त्याच गावांतले लोक. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्यांना प्रमाण मराठीतला प्रश्न कळतो का, हे त्यातच तपासले जाईल. मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्यांसाठी तर मराठी प्रश्नही परकाच, त्यांचे वेगळे काम लागेल. विद्यार्थ्याला प्रबंध मिळेल, राज्याला साधन मिळेल. ज्येष्ठांच्या चाचणीत निरक्षर, चौथीपर्यंत आणि त्यापुढचे असे वेगवेगळे कट-ऑफ, म्हणजे धोक्याच्या रेघा, निघाले पाहिजेत. चाचणीआधी कानाला ऐकू येते का आणि चष्मा आहे का हे बघायची सक्ती हवी, कारण न ऐकू आलेला शब्द आठवणार कसा? आणि घरच्या माणसाला विचारायचे प्रश्न वेगळे हवेत, 'विसरतात का' असे नव्हे, 'दहा वर्षांपूर्वी जे करत होते ते आता जमत नाही असे काय' असे.

सचिव महोदय, आपल्याकडे मागणे आहे ते पुढच्या वाटेचे. ज्याच्या नावापुढे 'हो' येईल त्याचे काय? ज्येष्ठांच्या बाबतीत पहिले काम स्वस्तातले आहे : बी-१२, थायरॉइड, मधुमेह, चालू असलेली औषधे, कान, आणि मनाची उदासी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांना मध्यमवयीन पुरुषांतल्या बहुतेकांत बी-१२ कमी सापडले होते, तेव्हा विसरण्यामागे आधी तेच तपासायला हवे. खरा स्मृतिभ्रंश निघाला तर घरच्यांना आधार द्यायला न्यूरॉलॉजिस्टच लागतो असे नाही. गोव्यात तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांसोबत प्रयोग केला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जात, समजावत, काळजी घेणाऱ्यांचे ऐकून घेत. त्या घरांतल्या काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सहा महिन्यांत सुधारले. सावंतवाडीहून ते तालुके किती लांब आहेत?

मुलांसाठी आपल्याकडे 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथल्या समुपदेशकांना या विकाराचे दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या. जिल्हा रुग्णालयात एक पान भिंतीवर लावा : नाडी, उभे राहिल्यावर पडणारा रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस, आणि हळूहळू खाऊ घालण्याचा क्रम. किशोरवयीनांसाठी सर्वात जास्त पुरावा असलेला उपचार कुटुंबाला सोबत घेऊन होतो. आईबाप जेवणाची सूत्रे काही काळ आपल्या हातात घेतात, कुणालाही दोष न देता. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तो घडला, पण घरी ताटावर एकत्र बसणारी माणसे त्याला लागतात, आणि ती आपल्याकडे अजून आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन उचलणाऱ्यांनाही हे शिकवा. रात्री अकराला आई तिथेच फोन करणार आहे.

मसुद्याची पहिली बैठक मंत्रालयात घेऊ नका, ही शेवटची विनंती. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्या. आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना, शाळेतल्या एखाद्या बाईंना आणि दोन-चार आजी-आजोबांना भाडे आणि दिवसाची मजुरी देऊन बोलवा, प्रश्न मोठ्याने वाचा आणि कोण कुठे हसते, कोण कुठे गप्प होते ते लिहून घ्या. कुठल्या प्रश्नाला मुले आणि म्हातारी माणसे काय उत्तर देतात याच्या माझ्या टिपणवह्या आहेत, त्या मी नावे-गावे काढून पाठवायला तयार आहे. कुणाकडे पाठवायच्या, तेवढे कळवावे.

आपली विश्वासू,
जिल्ह्याच्या गावची एक समुपदेशक